कांदा नाही, चिरू नये

ऑक्टोबर लागला की बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एखाद्या हौशी घरात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीला खेटून एक खाकी पुडी येऊन बसते. तिच्यावर स्केचपेनने ठळक लिहिलेले असते, ‘कांदा नाही. चिरू नये.’ ही सूचना पहिल्या दिवशी नसते. पुडीतला एक ऐवज विळीवरून थोडक्यात माघारी आल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ती लिहिली जाते. मधल्या वेळात होणारा संवाद घरोघरी साधारण सारखाच असतो. “अगं, हे एवढेसे कांदे, आणि नगावर आणलेस?” “आई, कांदे नाहीत ते. बल्ब आहेत.” “बल्ब? फ्रिजचा गेला का?” “फुलांचे बल्ब हो. ट्यूलिपचे. नाताळात फुलतील.” “मग कुंडीत लाव की. फ्रिजात कुठे फूल येतं?” सासूबाईंचा हा शेवटचा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. पुढचा सगळा मजकूर म्हणजे त्याला दिलेले लांबट उत्तर आहे, आणि ते अशा माणसाने दिले आहे की ज्याचे वनस्पतिशास्त्र तुळशीपाशी सुरू होऊन मनीप्लांटपाशी संपते.

दावा असा आहे. पालघर जिल्ह्यात नाताळसाठी घरात ट्यूलिप किंवा हायसिंथ लावणारा माणूस फूल वाढवत नसतो, तो हिवाळा वाढवत असतो. फूल हे त्या हिवाळ्याचे उपउत्पादन. आणि तारापूर एमआयडीसीत ज्याने एखादी पाळी जरी भरली असेल त्याला ठाऊक असते, की मुख्य मालच बिघडला तर उपउत्पादनाची चौकशी कोणी करत नाही. हे म्हणणे पटायचे तर आधी कंदाचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. बी पेरले की ते कामाला लागते. बिचारे गरीब घरचे असते. कंद खानदानी. त्याच्या पोटात सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असते. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या मोसमाचे अख्खे फूल, पाकळ्या-केसरांसकट, मातीत जाण्यापूर्वीच चिमुकल्या आकारात घडलेले असते. म्हणजे फाइल पूर्ण आहे, जोडपत्रे लावलेली आहेत, फक्त एक शिक्का बाकी आहे. तो शिक्का थंडीचा. मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखातली ही जात. बर्फ वितळण्याआधीच उगवून बसले तर कोंब गोठून मरणार, म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्या एक नियम पाळला आहे, की हिवाळा पुरता सरल्याची खात्री झाल्याशिवाय हलायचे नाही. आणि खात्री म्हणजे एखादी गार रात्र नव्हे. नऊ अंशांच्या खाली बारा ते सोळा आठवडे. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की कॉलेजात शेवटच्या आठवड्यात प्राचार्यांना भेटून काही जमवता येते. ट्यूलिपला भेटून काही होत नाही.

आता पालघरकडे या हजेरीपटाच्या नजरेने पाहा. इथे लगेच पहिली हरकत येते, “थंडी पडत नाही असं कोण म्हणतं? डिसेंबरात पहाटेची डहाणू लोकल पकडून दाखवा!” हरकत मान्य आहे. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती २०१३ साली, आणि तेव्हापासून त्या पहाटेच्या गाडीतल्या कानटोप्या, मफलर आणि दाराशी उभे राहायची कोणाची पाळी यावरची भांडणे हा थंडीचा ढळढळीत पुरावा आहे. पण तो स्वेटरचा पुरावा आहे, थर्मामीटरचा नव्हे. आपल्याकडे स्वेटर पारा उतरला म्हणून निघत नाही. डिसेंबर आला म्हणून निघतो आणि घातलेला दिसावा म्हणून टिकतो. समुद्राला पाठ लावून बसलेल्या या पट्टीत पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत गेला की वर्तमानपत्रांना हुडहुडी भरते, आणि दुपारी तोच पारा तिशीच्या घरात गेलेला असतो. बोईसर स्टेशनबाहेर अकरा वाजता उसाचा रस पिणारा माणूस आणि त्याच्या गळ्यातला मफलर, दोघेही खरेच असतात. ट्यूलिपच्या हजेरीपटावर मात्र या संपूर्ण मोसमात एकाही दिवशी ‘उपस्थित’ लागत नाही. जव्हारचे नाव काढणारेही भेटतात. जव्हार उंचावर आहे, तिथली हवा छान आहे, पालघरमधून तिकडे जाऊन आलेला माणूस आठवडाभर तिथल्या गारव्याबद्दल बोलतो. पण नऊ अंशांत चौदा आठवडे हा जव्हारचा विषय नाही. तो हिमालयाचा विषय आहे.

तसे बघितले तर जिल्ह्यात थंडी कमी नाही. फक्त ती हवेत नाही, ती दुसऱ्यांच्या मालकीची आहे. सातपाटीच्या बंदरावर ती लादीच्या भावाने मिळते. तिथे बर्फ फोडणारा माणूस जितकी थंडी एका सकाळी खोक्यात भरतो तितकी ट्यूलिपच्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल, पण ती सगळी पापलेटसाठी राखीव आहे. पापलेटला २०२३ साली राज्य मासा म्हणून मान मिळाला, त्यामुळे आता तर तिच्यावर हक्क सांगायची कोणाची छाती नाही. दुसरी थंडी कारखान्यांत. रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत चिलिंग प्लांट असतात, मिठाचे पाणी शून्याच्या खाली नेऊन रिॲक्टरभोवती फिरवतात. त्यामुळे बोईसरचा शिफ्ट इंजिनिअर हा कंदाच्या बाबतीत सर्वांत धोकादायक माणूस. गृहिणीच्या हातात पुडी असते तोवर तो छंद असतो. इंजिनिअरच्या हातात गेली की ती बॅच होते. पुडीला नंबर पडतो, फ्रिजात दुसरा थर्मामीटर लटकतो, दर चार तासांनी नोंद होते, आणि रात्रपाळीहून आल्यावर “दुपारी अडीच वाजता तापमान अकरावर कसं गेलं?” अशी चौकशी बसते. “अहो, मुलाने पाण्याची बाटली काढली.” “किती वेळ दार उघडं होतं?” अशा घरात नाताळपर्यंत फूल येत नाही, पण मुलगा पाणी माठातले प्यायला शिकतो.

म्हणजे सर्वसामान्य माणसाला परवडणारा हिवाळा एकच, घरचा फ्रिज. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र याच तारापूरच्या किनाऱ्यावर सुरू झाले. अणू फोडावा, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करावी, वाफेने चक्र फिरवावे, आणि एवढे करून निर्माण झालेली शक्ती एका परदेशी कांद्याला गार वाटावे म्हणून खर्चावी, हे त्या केंद्राच्या आराखड्यात कुठेही लिहिलेले नसणार. आणि फ्रिज हा हिवाळा म्हणून फार कच्चा. खऱ्या हिवाळ्याचे दार दिवसातून चाळीस वेळा कोणी उघडून ‘काय आहे खायला’ असे बघत उभे राहत नाही. खऱ्या हिवाळ्यात रात्रीच्या वरणाचे पातेले नसते. आणि मुख्य म्हणजे खऱ्या हिवाळ्यात चिकू नसतात. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते, आणि हा वायू कंदाच्या पोटातल्या तयार कळीला मारतो. परदेशी पुस्तकांत म्हणूनच बजावलेले असते, की ट्यूलिपचे कंद सफरचंदांच्या शेजारी ठेवू नका. त्या पुस्तकांच्या लेखकांनी डहाणू-घोलवड पाहिलेले नाही. ऐन थंडीच्या दिवसांत पालघर तालुक्यातल्या कोणत्या फ्रिजमध्ये पिकलेले चिकू नसतील ते दाखवावे. आणि नसतील तर केळी असतील, केळी नसतील तर डहाणूच्या कोणा नातेवाइकाने नुकतीच पाठवलेली चिकूची पेटी वाटेत असेल. मग घरात पेच पडतो, की चिकू बाहेर काढायचे की कंद? चिकू खाता येतात, कंद खाता येत नाही. निकाल सांगायची गरज नाही.

चिकू नसलेल्या एखाद्या आदर्श घराची कल्पना करून पुढे जाऊ. तिथेही तारखा आडव्या येतात. चौदा आठवडे थंडी आणि बाहेर काढल्यावर फुलायला चार आठवडे, असे अठरा आठवडे धरा. पंचवीस डिसेंबरपासून अठरा आठवडे मागे मोजत गेले की एकवीस ऑगस्ट येतो. म्हणजे कंद फ्रिजात जायला हवा गणपतीच्या तोंडावर, जेव्हा त्या फ्रिजात नारळाचा चव, खवा, श्रीखंडाचे डबे, शेजारच्यांनी ‘जरा आमचंही ठेवाल का’ म्हणून दिलेला पेढ्यांचा पुडा आणि दूर्वांची जुडी एकमेकांच्या मांडीवर बसलेली असतात. हेही कोणी निष्ठावंताने जमवले, तरी कंद कुठून आणणार? हॉलंडातल्या शेतांतून ट्यूलिपचे कंद निघतात जून-जुलैत. तिथून निवडत, मोजत, बोटीत नाहीतर विमानात चढत ते आपल्याकडे विक्रीला येईपर्यंत नवरात्र उजाडते. एक ऑक्टोबरला घरात आलेला कंद त्याच दिवशी गार कप्प्यात गेला, तर अठरा आठवड्यांचा हिशेब चार फेब्रुवारीला पुरा होतो. पाकिटावर छापलेले असते ‘ख्रिसमस स्पेशल’, आणि फूल येते माघी गणपतीच्या आगेमागे. फसवणूक म्हणून ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, कारण कोणत्या वर्षीचा ख्रिसमस ते पाकिटावर लिहिलेले नसते.

“आधीच थंड करून आलेले कंद मिळतात की!” ही दुसरी हरकत, आणि ती पहिलीपेक्षा वजनदार आहे. मिळतात. दिल्लीची नगरपालिका दर हिवाळ्यात हॉलंडहून तसे लाखाच्या वर कंद मागवते आणि शांतिपथासारख्या रस्त्यांवर लावते. पण ती लावते डिसेंबरात आणि फुले येतात फेब्रुवारीत, आणि हे त्या दिल्लीत, जिथे जानेवारीत माणसे रस्त्यावर शेकोट्या करून बसतात. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली मोठे ट्यूलिप उद्यान उघडले. दल सरोवर शेजारी, बर्फ डोक्यावर, सगळी शाही बडदास्त. तिथेही स्वारी मार्चअखेरीशिवाय दर्शन देत नाही. जे फूल काश्मीरला नाताळात येत नाही ते कुंभवली नाक्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर येईल, असे मानण्याला श्रद्धा म्हणतात, आणि श्रद्धेला फ्रिज लागत नाही. मुळात आपल्याकडच्या एका पिढीला ट्यूलिप दिसला तो १९८१ च्या ‘सिलसिला’त. ते शेतही हॉलंडमधले, कॉयकेनहॉफचे. तेव्हापासून त्या पिढीच्या मनात ट्यूलिप आणि प्रेम यांची जी सांगड बसली ती सुटलेली नाही. कुंडीत एकच ट्यूलिप लावून त्याच्यामागून धावता येत नाही, हे ध्यानात यायला मात्र साठी उलटावी लागते. खुद्द डच लोक या कंदापायी १६३७ च्या फेब्रुवारीत कसे बुडाले, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. साधारण त्याच काळात त्यांनी आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, कापड घेतले, मिरी घेतली, पण कोकणच्या माणसाला एकही ट्यूलिप विकायचा प्रयत्न केला नाही. व्यापारात ते पक्के होते ते असे.

कंदशास्त्राची थोडी माहिती असलेला माणूस इथे खाकरतो आणि म्हणतो, की थंडी न मागणारेही कंद असतात. अगदी खरे. नार्सिससची पेपरव्हाइट नावाची जात थंडी मागत नाही. बशीत खडे घालावेत, पाणी ओतावे, कंद ठेवावा, चार-सहा आठवड्यांत पांढऱ्या फुलांचे झुबके. इतके सोपे प्रकरण संशयास्पद असते, आणि आहेही. घरच्या उबेत याचा दांडा वाढत वाढत जातो आणि फुले आली की लग्नातून परतलेल्या काकांसारखा आडवा होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली यावर उतारा जाहीर केला, की बशीतल्या पाण्यात चार ते सहा टक्के मद्यार्क ठेवावा. दांडा एकतृतीयांश ते निम्म्याने आखूड राहतो, फुले होती तेवढीच येतात, झाड ताठ उभे. बिअर किंवा वाइन चालत नाही, त्यांत साखर असते, कडकच लागते. पिऊन सरळ उभा राहणारा हा सृष्टीतला एकमेव जीव असावा. पालघरच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व वेगळेच आहे. दमण इथून फार लांब नाही, आणि हद्दीवरच्या अच्छाड नाक्यावर डिकी उघडायला लावली गेली तर काय उत्तर द्यायचे हा प्रश्न कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या सतावत आला आहे. “काय आहे खोक्यात?” “फुलझाडाचं औषध, साहेब.” “एवढं?” “बाग मोठी आहे.” राहता राहिला वास. पेपरव्हाइटच्या वासावरून जगात दोन तट आहेत, काहींना तो अत्तर वाटतो, काहींना डांबराच्या गोळ्यांचा कपाटी वास. पण ज्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमाराला ओळीने बोंबील वाळत असतात तिथे एका बशीतल्या फुलाने वासाबद्दल मतभेद निर्माण करावा, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ॲमॅरिलिसचे तसे नाही. नर्सरीवाल्याच्या भाषेत ही ‘लिली’. नर्सरीवाल्याच्या भाषेत कांद्यातून निघणारे जे जे काही, ते लिलीच. त्याने तिला लिली म्हटले म्हणून ती कोण हे कळत नाही, फक्त किंमत कळते. ही दक्षिण अमेरिकेची, गरम रक्ताची, आपल्या कुंड्यांत चांगली रुळलेली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भोंग्याएवढी लाल फुले देते. तिला नाताळात फुलवायची युक्ती पुस्तकात दिलेली असते. सप्टेंबरात पाणी तोडावे, आठ-दहा आठवडे कंद ठणठणीत कोरडा ठेवावा, मग पाणी द्यावे, की सहा-आठ आठवड्यांत फूल. सप्टेंबरात. कोरडा. पालघरमध्ये. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे आडवा-तिडवा कोसळतो, जिथे सप्टेंबरात काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीतच विरघळते, वरच्या मजल्यावरची पापडांची चळत खालच्या मजल्याच्या पापडांइतकीच मऊ पडते आणि निवृत्त माणसाच्या पँटच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, तिथे एक कंद ठणठणीत ठेवायचा. बाल्कनीत ठेवला तर झड लागते. घरात ठेवला तर भिंतीला ओल. कपाटात ठेवला तर कपाटातला स्वेटरसुद्धा दमट, आणि हाच तो डिसेंबरात निघणारा स्वेटर. शेवटी कोरडी जागा घरात एकच उरते, ती टीव्हीच्या मागची. ट्यूलिपसाठी फ्रिजात हिवाळा करावा लागतो, ॲमॅरिलिससाठी टीव्हीमागे उन्हाळा. म्हणजे सुरुवातीच्या दाव्यात थोडी दुरुस्ती करून घेतो: हा माणूस ऋतू वाढवतो, जो बाहेर नसेल तो.

कोणी म्हणेल, सणासाठी घरात उगवायची ही रीत आपल्यालाच कुठे नवी आहे? घटस्थापनेला आपण परडीत माती घालतो, धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत हात-हात उंच पिवळेधमक कोंब आणतो. गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरून हिरवळ उगवतात. ही हरकत या लेखकाला आवडली, कारण ती त्याच्याच बाजूची साक्ष आहे. घटात काय लागते? माती, पाणी, थोडा अंधार आणि घरच्या लोकांची श्रद्धा. गव्हाने कधी ‘आधी चौदा आठवडे गारठा दाखवा’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपल्या सणांनी वनस्पतींशी फार शहाणपणाचा करार केलेला दिसतो. फुलाची तारीख आधी, सणाची मागून. भाद्रपदात कळलावी रानात कुंपणाकुंपणाने पेटते. तीही जमिनीखालच्या कंदातूनच निघते. मग तिला गौरीचे हात म्हणायचे आणि गौरी तेव्हाच आणायच्या. सोनटक्का त्याच दिवसांत, तेरडा त्याच दिवसांत. फुलाला निमंत्रण द्यायला जावे लागत नाही, ते मांडवात आधीच येऊन बसलेले असते. आणि नाताळच म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात वसई आहे. १५३४ साली ती पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली, पण नाताळ त्या आधीपासून आजपर्यंत तिथे होतोच आहे. दारावर चांदणी लागते, अंगणात गोठा उभा राहतो, तळणाचे वास सुटतात आणि फुले म्हणाल तर वाडीतली. इतक्या शतकांत ट्यूलिपवाचून वसईच्या नाताळचे काही अडलेले नाही. अडते ते दुसऱ्या कोणाचे तरी, ज्याच्या घरी नाताळ नसतो, नाताळची सुट्टी असते.

इथल्या मातीतले कंद बघा, म्हणजे खरा अन्याय कळेल. मे फ्लॉवर वर्षभर फुटक्या बादलीत, गॅलरीच्या कोपऱ्यात, झाडूच्या आडोशाला पडून असते. पाणी द्यायचे कोणाच्या लक्षात नसते. आणि मे महिन्यात, नावाला जागून, चेंडूएवढा तांबडा गोळा काढून उभे राहते. कारखान्यातल्या एखाद्या जुन्या हेल्परसारखे, उशीर नाही, खाडा नाही, आणि कौतुकही नाही, कारण मेमध्ये पाहायला घरी कोणी नसते, सगळे गावी. पावसाची पहिली सर आली की चिमुकली रेन लिली दोन दिवसांत कुंडी भरून टाकते. तिचा फोटो कोणी काढत नाही, कारण ती सगळ्यांकडेच आलेली असते. निशिगंध तर इतका घरचा झाला की तो कंदातून येतो हेही कोणाला आठवत नाही, तो हारातूनच येतो असा समज आहे. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे शेवळ. मृगाच्या आगेमागे रानात, पान यायच्या आधी, जमिनीतून एकटा तांबूस-पिवळा दांडा उभा राहतो. हा सुरणाच्या कुळातला, कंदातून आलेला रीतसर फुलोरा. विलायतेत असे काही निघाले असते तर त्याच्याभोवती दोरी बांधून तिकीट लावले असते. आपण त्याची भाजी करतो. आदिवासी बाया स्टेशनबाहेर जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडे देतात, कारण शेवळे खाजरी. काकडाशिवाय शिजवली तर घसा धरतात. मौज अशी, की ही खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांची, तेच हायसिंथच्या कंदातही असतात. हाताळणाऱ्याची बोटे खाजतात, म्हणून हातमोजे घालायला सांगतात. शेवळाची खाज काकडाने जाते. हायसिंथ लावणाऱ्याच्या खाजेवर अजून काकड सापडलेले नाही.

यावरून कोणाला वाटेल, की लेखकाला परदेशी झाडांचे वावडे आहे. मुळीच नाही. निशिगंध मेक्सिकोचा, मे फ्लॉवर आफ्रिकेचे, आणि ज्या चिकूच्या इथिलीनने वर ट्यूलिपचा बळी घेतला तो चिकूही अमेरिका खंडातूनच आलेला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तो आता कागदोपत्रीही इथला. पण ही मंडळी आली तेव्हा अटी घालून आली नाहीत. चिकूने घोलवडला उतरल्यावर ‘इथे खारा वारा फार आहे, मला एका बंद खोलीत ठेवा’ असे म्हटले नाही. तो वाऱ्याला लागला, पावसात भिजला, आणि आता तोच दुसऱ्यांच्या फ्रिजमध्ये कोण राहील ते ठरवतो. ट्यूलिपचा दोष तो परका आहे हा नाही. तो स्वतःचे हवामान बरोबर आणा म्हणतो, हा आहे. अशी नातेवाईक मंडळीही असतात. त्यांना आपण वर्षातून एकदा बोलावतो, चार दिवस पंखा कमी-जास्त करतो, आणि रिक्षा कोपऱ्यावर वळली की सुटकेचा श्वास टाकतो. त्यांना फ्रिजात ठेवत नाही एवढेच.

शेवटची हरकत मात्र खोडून काढता येत नाही, ती म्हणजे हौसेला मोल नसते. इतकेच म्हणता येईल, की मोल पाकिटावर छापलेले असते आणि ते नगाला असते. पण हौस खरी कशाची, ते डिसेंबरच्या चोविसाव्या संध्याकाळी कळते. पुडीतून निघालेल्या कंदांपैकी एकाला कोंब आलेला असतो. तीन इंचांचा, हिरवा, टोकाशी किंचित फुगलेला. थंडी कमी पडलेल्या ट्यूलिपचे हेच होते, दांडा वाढतच नाही आणि फूल आलेच तर पानांच्या बगलेत, जमिनीला चिकटून, चोरी सापडल्यासारखे येते. पाहुण्यांना मात्र कुंडी दाखवली जाते. “हे काय?” “ट्यूलिप.” “कांद्याची पात आहे ना?” “नाही हो. हॉलंडचा आहे.” “बोईसरात?” त्या एका शब्दातल्या आश्चर्यासाठी तीन महिने कोथिंबीर दारातल्या कप्प्यात सुकली, चिकू शेजारी वाटले गेले, मुलगा माठातले पाणी प्यायला. आणि पाहुणे जाताना विचारतात, “पुढच्या वर्षी आम्हालाही दोन आणाल का?”

तेव्हा येत्या ऑक्टोबरात पालघर-बोईसरकडे कोणाच्या घरी गेलात, आणि मदत म्हणून फोडणीसाठी कांदा काढायला फ्रिज उघडलात, तर पुडीवरची अक्षरे वाचा. खरोखरच चिरू नका. ट्यूलिप असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी तो उकडून खाल्ला होता, पण तो पर्याय नव्हता म्हणून. आणि पुडीत नार्सिसस असेल तर अख्ख्या घराला ओकाऱ्या होतात. कांदे ओट्याखालच्या टोपलीत असतात. त्यातल्याही दोन-तीनांना एव्हाना हिरवे कोंब आलेले असतील, तेवढे बाजूला काढून कुंडीत खोचा. नाताळपर्यंत पात नक्की येते.